मिटमिट्याने जंतू मरत नसतात

परवा रात्री भाच्याने किटफोचा एक व्हिडिओ पाठवला. किटफो म्हणजे बारीक चिरलेलं गोमांस, त्यात मसालेदार तूप आणि मिटमिटा, म्हणजे मिरची-लवंगेचा जहाल मसाला. खाली मराठीत लांबलचक मजकूर: 'इथिओपियाचं प्रसिद्ध कच्चं किटफो घरच्या घरी! तिखट आणि लिंबाने सगळे जंतू मरतात. गरम तुपाने मांस आपोआप शिजतं. दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं की शंभर टक्के सेफ. तिथले लोक हजारो वर्षं खातात, त्यांना काही होत नाही. शिजवलं की सत्त्व जातं.' हाच मजकूर आदल्या दिवशी दोन ग्रुपांवर येऊन गेला होता, तेव्हा मी सोडून दिला. पण भाच्याने पुढे लिहिलं होतं, 'मावशी, शनिवारी करतोय. तुझ्याकडच्या दुकानातून मिटमिटा आणशील का?' त्याच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे. म्हणून बसले लिहायला.

मला किटफोचं वावडं नाही. बारा वर्षं अमेरिकेतल्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये राहते, इथे इथिओपियन वस्ती मोठी. मी ते खाल्लंय, एकदा कच्चंही. (गोमांस खावं की नाही हा वाद इथे नको. ज्यांना चालत नाही त्यांचा प्रश्नच मिटला.) ओळखीच्या एका बाईंना करताना पाहिलंय. खाटकाने त्याच दिवशी कापून दिलेला मांडीचा अख्खा तुकडा, चरबी नसलेला. त्यावरचा पांढरा पडदा आणि शिरा त्या सुरीने सोलत होत्या, अर्धा तास तरी. मग सुरीनेच बारीक बारीक कोच. किटफो या शब्दाचं मूळच बारीक चिरण्यात आहे.

आणि व्हिडिओतली बाई काय करते? सुपरमार्केटचा खिम्याचा ट्रे फोडते, खालचं लाल पाणी सिंकमध्ये ओतते आणि वरून तूप घालते. इथे मी फोन खाली ठेवला.

अख्ख्या तुकड्यात जिवाणू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात. खिमा केला की बाहेरचं सगळं आत जातं. त्या ट्रेमध्ये एकाच जनावराचं मांस असतं असंही नाही, अनेकांचं एकत्र दळलेलं असतं. १९९३ साली इथेच, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत, नीट न शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ पसरला. सातशेच्या वर माणसं आजारी पडली, चार मुलं गेली. पुढच्याच वर्षी कृषी खात्याने हा जिवाणू सापडलेला कच्चा खिमा भेसळयुक्त ठरवला. त्याच खात्याचा आजचा सल्ला एका ओळीचा आहे: खिमा आतपर्यंत १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअसला पोचला पाहिजे. या जिवाणूचे शंभराहून कमी कणही पुरतात, आणि लहान मुलांच्या किडन्याच बंद पडू शकतात.

हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, 'तिला थोडंच देणार आहे? ती वरणभात खाईल.' अरे, पण काकडी त्याच बोर्डवर चिरणार, ते लाल पाणी त्याच सिंकमध्ये जाणार, आणि तिचा पेला त्याच सिंकमध्ये विसळणार!

आता फ्रीजर. इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. गोमांसातून येणाऱ्या टेपवर्मच्या, म्हणजे पट्टकृमीच्या अळ्या नीट गोठवलं तर मरतात. दोन दिवस घरच्या फ्रीजरमध्ये कोंबलेल्या जाड गोळ्याचा मात्र मी भरवसा देणार नाही, आठवडा तरी हवा. आणि ई. कोलाय थंडीने मरत नाही, नुसता झोपतो. मांसातला बर्फ वितळला की उठतो. कुणी म्हशीचं मांस वापरून पळवाट काढत असेल, तर म्हैसही रवंथ करणारीच, हा जिवाणू तिच्याही आतड्यात असू शकतो.

'त्यांना काही होत नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याने इथिओपियातल्या कुणाला विचारलं तरी होतं का? तिथे कोसो नावाचं झाड आहे. त्याची वाळलेली फुलं कुटून, पाण्यात कालवून प्यायची, की पोटातला पट्टकृमी पडतो. जहाल आणि कडू औषध. जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की लोक दर दोनेक महिन्यांनी ते नेमाने घेत. एकोणिसाव्या शतकात हीच फुलं युरोपातल्या औषधांच्या दुकानात पोचली होती. ज्यांना काही होत नाही, ते दर दोन महिन्यांनी जंताचं औषध कशाला पितील? त्यांना धोका ठाऊक होता, म्हणून त्यांनी उपायही जवळ ठेवला. आपण पाककृती उचलली आणि कोसो तिथेच ठेवला.

बाकीचं भरभर. तूप: नितेर किब्बेह म्हणजे मेथी, हळद, कोरारिमा वेलची घालून कढवलेलं लोणी. ते किटफोत कोमटच घालतात, त्याने मांस शिजत नाही. लिंबू: मी खाल्लेल्या किटफोत ते कधी नव्हतंच. त्याने मांसाचा रंग पालटतो, म्हणून शिजल्यासारखं वाटतं. मिटमिटा: लवंग आणि मिरचीने प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू दबतात म्हणे, पण पाव किलो मांसात चमचाभर टाकून नव्हे. सत्त्व: शिजवल्याने प्रथिनं आणि लोह पळून जात नाहीत.

आणि गंमत म्हणजे कच्चंच खाल्लं पाहिजे असा इथिओपियात हट्ट नसतो. ऑर्डर घेतानाच विचारतात: कच्चं, लेब लेब म्हणजे जरासं गरम केलेलं, की पूर्ण शिजलेलं? गुरागे लोकांचा हा पदार्थ, त्यांच्याकडे सप्टेंबरअखेरच्या मेस्केल सणाला तो हवाच. सोबत आयिब, आपल्या पनीराचं भुसभुशीत भावंड, आणि केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेटच्या झाडापासून केलेली आंबूस कोचो भाकरी.

भाच्याचं शेवटचं उत्तर आलंय: 'शिजवला तर तो खिमाच झाला ना, मावशी!' होऊ दे की. नितेर किब्बेहमध्ये परतलेला खिमा माझ्या आईनेही आवडीने खाल्ला असता. मिटमिटा शनिवारी सकाळी घेऊन येते, अर्धाच चमचा घाल, ती लवंगी मिरचीच्या वरताण आहे. माझा थर्मामीटरही आणतेय. ७१ दिसल्याशिवाय गॅस बंद करायचा नाही.