आमच्या पिस्तुलाचे पथ्य

टार्गेट पिस्तूल हे यंत्र आहे असे विक्रेता सांगतो. प्रत्यक्षात ते कडक पथ्य पाळणारे वयोवृद्ध गृहस्थ असतात. माझे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसाचे पिस्तूल वॉडकटरखेरीज काही घेत नाही, आणि त्यातही ज्या एका गोळीवर त्याचा जीव, तिचे उत्पादन नेमके बंद झाले आहे.

वॉडकटर म्हणजे नाक नसलेली गोळी. शिशाचा हा बुटका दंडगोल पुंगळीत पार काठापर्यंत बुडलेला असतो, त्यामुळे काडतूस पाहणाऱ्याला त्यात गोळी बसवायचीच राहून गेली की काय, अशी शंका येते. मात्र तिचे सपाट तोंड कागदातून स्वच्छ गोल चकती कापून काढते. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते आणि मागे चिंध्या लोंबणारे छिद्र ठेवते, ज्याची कड नेमकी कुठे संपते हे सांगणे कठीण. छिद्र आतल्या कड्याच्या रेषेला नुसते शिवले तरी वरचा गुण मिळतो, तेव्हा माझ्यासारख्या, रेषेवरच जगणाऱ्या नेमबाजाला ती स्वच्छ कड हाच काय तो आधार.

पण हे नकटेपण अर्धस्वयंचलित पिस्तुलाला जड जाते. निमुळती गोळी चेंबरचे, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या खोबणीचे, तोंड आपले आपण शोधते. सपाट काडतूस मात्र मॅगझिनच्या ओठांतून नेमक्या कोनात सुटले नाही, तर वाटेतच आडवे होते. पर्यायी गोळ्यांपैकी एकीचे शिसे जास्त कठीण, दुसरीचे वंगण चिकट, तिसरीच्या पुंगळीची कड जराशी उभी. कागदोपत्री साऱ्या शंभर ग्रेनच्या (गोळीचे वजन मोजायचे छोटे एकक) आसपास वजनाच्या, म्हणजे सख्ख्या बहिणीच. पिस्तूल ते नाते मानत नाही. पंचवीस मीटर सेंटर फायर या स्पर्धाप्रकाराच्या जलद टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी ३ सेकंद मिळतात आणि मध्ये ७ सेकंदांची विश्रांती असते. त्या ३ सेकंदांत हात उचलून, नेम धरून चाप ओढता येतो. अडकलेल्या काडतुसाकडे मात्र नुसते पाहता येते.

यावर उपाय म्हणून उरलेल्या जुन्या काडतुसांचा साठा मी केवळ स्पर्धेसाठी राखला. सराव पर्यायी काडतुसांवर, सामना अस्सल काडतुसांवर. योजना निर्दोष होती. परंतु दोन्हींचा वेग निराळा, त्यामुळे मारा वेगळ्या उंचीवर बसतो आणि प्रत्येक वेळी साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणेचे, क्लिक फिरवावे लागतात. शिवाय धक्काही निराळा. सारांश, ज्या काडतुसाने सामना खेळायचा त्याचा हाताला सराव नाही, आणि ज्याचा सराव आहे ते सामन्यात न्यायची सोय नाही. त्यातही स्पर्धा जवळ आली की मला वाटते, ही तर मामुली स्पर्धा, हिच्यासाठी अस्सल काडतुसे कशाला खर्चायची? मग साठा सुरक्षित राहतो आणि निकालपत्रात माझे नाव शोधायला बोट बरेच खाली न्यावे लागते.

पिस्तूलच बदला, असा सल्ला हितचिंतकांनी दिला. त्याप्रमाणे एक जुने, उत्तम राखलेले पिस्तूल पाहिले. कारखान्याने चाचणीत झाडलेला कागद त्याच्या पेटीत होता: पाचही छिद्रे एकमेकांत मिसळलेली, आणि खाली चाचणीच्या काडतुसाचे नाव. तीच, बंद झालेली. मी विक्रेत्याकडे पिस्तुलाची किंमत विचारली नाही. त्याच्यासोबत काडतुसांचा एखादा डबा उरला आहे का, एवढेच विचारले.