सामाईक जमीन ‘कोणाचीच नसते’ हे खरे नाही

‘जे सर्वांचे ते कोणाचेच नसते, म्हणून सामाईक कुरणे उजाड होतात, ती वाचवायची तर खासगी मालकीत द्यावीत’, हे विधान सध्या पुन्हापुन्हा मांडले जाते. आधार म्हणून अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या लेखातील कुरण पुढे केले जाते, जिथे प्रत्येक गुराखी आपल्या लाभासाठी एकेक जनावर वाढवत नेतो आणि अखेर गवतच उरत नाही.

परंतु ज्यात ना नियम, ना दंड, ना कोणी कोणाला अडवणारे, असे हे कुरण सामाईक नसून बेवारस आहे. स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल या गावात १५१७ साली असा नियम होता की, हिवाळाभर जितक्या गाई पोसता येतील त्याहून अधिक गाई कोणीही उन्हाळ्यात डोंगरावरील सामाईक कुरणात सोडू नयेत. कोणाच्या गोठ्यात हिवाळाभर किती गाई होत्या हे शेजाऱ्यांना दिसतच असल्याने नियम मोडणे लपून राहणे अवघड होते, आणि मला हेच त्याचे खरे बळ वाटते. अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्वतः हार्डिन यांनीही पुढे मान्य केले की, त्यांचा मुद्दा व्यवस्थापन नसलेल्या सामाईक साधनांपुरताच होता. ही दुरुस्ती मात्र मूळ लेखासोबत क्वचितच सांगितली जाते.

‘कोणाचीच नसते’ हे कायद्यानेही चूक आहे. इंग्लंडमध्ये सामाईक जमिनीला मालक असतो. तिथे गुरे चारण्याचा, सरपण नेण्याचा, जळणासाठी पीट (दलदलीतील, वाळवून जाळता येणारा कुजलेल्या वनस्पतींचा थर) कापण्याचा हक्क मात्र इतरांचा असतो. २००० सालच्या कायद्याने तर नोंदणीकृत सामाईक जमिनीवर पायी फिरण्याचा हक्क सर्वसामान्य जनतेलाही दिला.

राहिला खासगीकरणाचा उपाय. त्याच इंग्लंडमध्ये १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपण घातले गेले, म्हणजे ती खासगी मालकीत वाटली गेली. त्यानंतर अनेक ठिकाणी उत्पादन वाढले, हे मी नाकारत नाही. पण जी कुटुंबे केवळ वहिवाटीने तिथे एखादी गाय चारत किंवा सरपण गोळा करत होती, त्यांना हक्क सिद्ध करता न आल्याने वाटणीत बहुधा काहीच मिळाले नाही, आणि वाढलेल्या उत्पादनाच्या हिशेबात त्यांची गाय धरलेली नसते.