‘कॉपी-पेस्ट करा की’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

नमस्कार साहेब,

गणिताची चिन्हं टाइप करण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘नेटवरून कॉपी-पेस्ट करा की! दोन मिनिटांच्या कामाचं एवढं रामायण कशाला? मराठवाड्यात अजून हेच चालू आहे वाटतं.’ शिवाय लेटेक (गणित छापायची संगणक प्रणाली) का नाही, मोबाइलचं का नाही आणि लॅपटॉपवर अल्ट कोड (अल्ट बटण दाबून आकडे मारले की चिन्ह उमटतं, ते) चालत नाहीत, असंही म्हणालात.

लॅपटॉपचं मान्य. बाजूला नंबर पॅड नसेल तर अल्ट दाबून २५१ मारलं तरी √ उमटत नाही. तेवढी ओळ लेखात घातली.

पण ‘मराठवाड्यात अजून’ हे काय लिहिणं झालं? मी लातूरचा. बारावीच्या निकालांनी ज्या गावाचा पॅटर्न महाराष्ट्रभर गाजला, त्या गावात क्लासवाल्यांचे पेपर टाइप करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सर संध्याकाळी हाताने लिहिलेला पेपर आणून द्यायचे आणि सकाळी पोरांच्या हातात छापील प्रत लागायची. त्यासाठी रात्र जागणाऱ्या डीटीपीवाल्याला अडाणी ठरवायला तुम्हाला एक ओळ पुरली.

दोन मिनिटांचं काम म्हणता, तर ऐका. नेटवरून उचललेलं √ हे नुसतं चिन्ह असतं, त्याला पुढे पसरणारी आडवी रेघ नसते. सरांच्या कागदावर रेघ १६+९ या दोन्हींवर असते, म्हणजे उत्तर ५. तुम्ही पेस्ट करून √१६+९ छापलंत की पोरगं ४ अधिक ९ करून १३ लिहितं. चुकलं कोण? वर्डमध्ये अल्ट आणि बरोबरच्या चिन्हाचं (=) बटण दाबून समीकरणाची चौकट उघडली, तर रेघ आतल्या मजकुराएवढी आपोआप लांबते. लेखात मी हेच सांगितलं होतं, पण तिथवर तुम्ही वाचलंच नसावं.

घातांकाचंही तसंच. वर चढवलेला २ साध्या मजकुरात पेस्ट झाला की खाली येऊन बसतो आणि ५ चा वर्ग ५२ होतो. जुन्या फाइलींत तर थीटा म्हणजे सिम्बॉल फॉन्टमधलं इंग्रजी क्यू. प्रेसवाल्याने सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदलला की साइन थीटाचं ‘साइन क्यू’. एका सराव परीक्षेत हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. मुलं शेजारच्याला विचारत होती, हा क्यू कुठला कोन? पर्यवेक्षकांनाही सांगता येईना. आमच्या जुन्या मराठी फॉन्टांत तर ÷ च्या जागी अक्षराचा एखादा तुकडाच उमटायचा, कारण त्या कोडवर फॉन्टवाल्याने देवनागरीचा अवयव बसवलेला असे. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला त्याचा स्वतःचा क्रमांक दिला म्हणून आज √ ला २२१ए म्हणता येतं. वर्डमध्ये तो क्रमांक लिहून अल्ट आणि एक्स दाबा, चिन्ह तिथंच उमटतं.

लेटेक चांगलंच आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ साली मजकूर जुळवणीची टेक ही प्रणाली आणली, त्यावरच ते उभं आहे. पण सरांना सकाळी वर्डची फाइल हवी असते, विषय संपला. मोबाइलवर मी पेपर करत नाही.

आता एवढंच करा. तुमच्या कॉपी-पेस्टने १६+९ चं वर्गमूळ रेघेसकट टाइप करा आणि इथंच खाली टाका.