परत आलेल्याला नको, नव्या मालकाला विचारा

मालक बदलल्यावर परत येणाऱ्या चाहत्याला टोमणा मारायची आपल्याकडे भारी हौस. "काय रे, इतकी वर्षं कुठे होतास? आता आठवला होय क्लब?" आमच्या अंधेरीच्या टोळक्यात गेले काही महिने हेच चाललंय. २०२५ च्या डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने (म्हणजे मँचेस्टर सिटीची मालक कंपनी) इंडियन सुपर लीगमधल्या आपल्या मुंबई सिटी क्लबातून अंग काढून घेतलं, क्लब पुन्हा मूळच्या मालकांकडे आला आणि मधली वर्षं स्टेडियमकडे न फिरकलेली दोन-चार मंडळी हळूच परतली. परळचा एक जण तर लोगो बदलण्याआधीचा जुना टी-शर्ट घालून आला. त्याला जे ऐकून घ्यावं लागलं, ते बघून हे लिहायला बसलो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं सरळ आहे. हिशेब मागायचाच असेल तर तो क्लब ज्याच्या नावावर झालाय त्याच्याकडे मागा. तिकीट काढून आत आलेल्याकडे नको.

हे पटवायला मला ब्लॅकपूलला जावं लागेल. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं सुट्टीला जायचं गाव, नारिंगी जर्सीचा क्लब. १९५३ ची एफए कप फायनल आजही 'मॅथ्यूज फायनल' म्हणून ओळखतात, ती यांचीच. बोल्टनला ४-३ हरवलं, हॅटट्रिक मॉर्टेन्सनची आणि नाव मात्र मॅथ्यूजचं. (मॉर्टेन्सनच्या घरच्यांना काय वाटत असेल, देव जाणे.) नंतर बरीच दशकं खालच्या डिव्हिजनांत गेली. २०१० मध्ये इयन हॉलोवेंच्या टीमने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर कार्डिफला ३-२ हरवलं आणि हे छोटं गाव थेट प्रीमियर लीगमध्ये पोचलं. मजा एकच हंगाम टिकली. पण त्या एका हंगामात टीव्हीचा जो पैसा आला, तो गावाने जन्मात पाहिला नव्हता.

तो गेला कुठे? त्यातले १ कोटी १० लाख पौंड मालक ओवेन ऑयस्टन यांच्याच एका कंपनीकडे गेले. २०१४ च्या उन्हाळ्यात, हंगाम तोंडावर आलेला असताना, क्लबकडे करारबद्ध खेळाडू जेमतेम आठ. पुढच्या वर्षी टीम तळाला जाऊन खाली घसरली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी खाली. लोकांनी इंटरनेटवर राग काढला, तर मालकांनी आपल्याच चाहत्यांवर बदनामीचे दावे ठोकले. एका पेन्शनर गृहस्थाला २० हजार पौंड मोजावे लागले. बाकीच्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला हात दिला. मे २०१५ मध्ये हडर्सफील्डविरुद्धच्या सामन्यात लोक मैदानात उतरले आणि सामना अर्धवट सोडून द्यावा लागला.

मग बहिष्कार. आता या मालकाला एक पेनीही द्यायची नाही, एवढं साधं सूत्र. तिकीट नाही, जर्सी नाही, मध्यंतरात खायची 'पाय' (सारण भरलेली पेस्ट्री) सुद्धा नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. मला यातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते ती २०१७ ची. टीम सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधून वर यायच्या प्लेऑफ फायनलला पोचली. पुन्हा वेम्ब्ली. एक्सिटरला २-१ हरवलं, जिंकली. आणि बहुसंख्य ब्लॅकपूलकर घरी बसलेले. सात वर्षांपूर्वी याच मैदानावर जे गाव लोटलं होतं, ते या वेळी ठरवून गेलं नाही. स्वतःची टीम वेम्ब्लीवर कप उचलतेय आणि तुम्ही तत्त्वासाठी दिवाणखान्यात. ज्याने हे करून दाखवलं त्याच्या निष्ठेचं माप कुणी काढू नये. आपल्यातला एक तरी हे करेल का? मी केलं नसतं. मी गेलो असतो आणि वर चार कारणंही सांगितली असती.

आत जाणारेही होतेच. कुणाचे वडील थकलेले, त्यांच्याकडे किती हंगाम उरलेत ठाऊक नाही. कुणाला शनिवारी दुपारी दुसरं काही सुचतच नाही. बहिष्काराने एकाच घरातली माणसं गेटच्या दोन बाजूंना उभी केली, आणि माझ्या मते ही मालकाची सगळ्यात मोठी करणी. पैसा कोर्टातून परत मिळवता येतो. दोन भावांमधला अबोला कुठल्या कोर्टात नेणार?

पैशाचं प्रकरण कोर्टात गेलंच. नोव्हेंबर २०१७ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने ठरवलं की ऑयस्टन कुटुंबाने क्लबमधला पैसा बेकायदा काढून घेतला, आणि लॅटव्हियाचे भागीदार वॅलेरी बेलोकोन यांना ३ कोटी १० लाख पौंडांहून जास्त रक्कम द्यायचा आदेश दिला. ती रक्कम पूर्ण मिळेना, म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टाने रिसीव्हर (क्लबचा ताबा घेणारा कोर्टाचा माणूस) नेमला आणि ऑयस्टन बाहेर गेले. ९ मार्चला साउथएंडविरुद्ध घरचा सामना होता. रिकाम्या खुर्च्यांची सवय झालेल्या ब्लूमफील्ड रोडवर, म्हणजे ब्लॅकपूलच्या घरच्या मैदानावर, १५ हजारांहून जास्त माणसं आली. लीग वनमधला, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनमधला सामना, २-२ बरोबरी.

आता यातली एक गोष्ट लक्षात घ्या, कारण टोमणेवाले नेमकी तीच विसरतात. त्या दिवशी नवा मालक अजून आलाच नव्हता. सायमन सॅडलर यांनी क्लब घेतला जूनमध्ये. मार्चमध्ये क्लब कोर्टाच्या ताब्यात होता, पुढे काय होणार याचा कुणालाच पत्ता नव्हता. लोक कुणा श्रीमंत माणसाच्या आशेने आले नव्हते. दारातला माणूस हटला, म्हणून आत आले.

न्यूकॅसलचं तसं नव्हतं, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. माइक ॲशली २००७ पासून मालक. लोक इतके विटले की २०२० च्या जानेवारीत क्लबने अर्ध्या हंगामाची १० हजार तिकिटं फुकट वाटली. ७ ऑक्टोबर २०२१ ला सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालच्या गटाने ३० कोटी ५० लाख पौंडांना क्लब घेतला आणि सेंट जेम्स पार्कबाहेर जत्रा भरली. ॲशली गेल्याचा आनंद मला शंभर टक्के समजतो. पण काही जण डोक्याला अरबी रुमाल गुंडाळून नाचत होते, ते काही मला पचलं नाही. शेवटी क्लबलाच पत्रक काढून सांगावं लागलं की बाबांनो, असले वेष करून येऊ नका. सौदी पत्रकार जमाल खाशोगींच्या हत्येवर, मानवी हक्कांवर प्रश्न विचारणारे चाहतेही तिथे होते, पण त्या जल्लोषात त्यांचं कोण ऐकतो? मार्च २०२५ मध्ये लिव्हरपूलला हरवून न्यूकॅसलने लीग कप घेतला, १९५५ नंतरचा पहिला मोठा देशांतर्गत करंडक. त्या दिवशी रडलेल्या म्हाताऱ्यांवर माझा काडीचाही राग नाही. पण क्लबवर परत प्रेम करायला मालकाची आरती ओवाळावी लागत नाही, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे तर हे समजायला इंग्लंडला जायचीही गरज नाही. लालबाग-परळच्या चाळींचे पुनर्विकास बघा. पहिल्या बिल्डरने भाडं थकवलं, काम अर्धवट सोडलं, माणसं विरार-बदलापूरला पांगली. बऱ्याच वर्षांनी दुसरा बिल्डर आला, इमारत उभी राहिली, लोक परतले. चावी घ्यायला आलेल्या काकूंना कुणी विचारतं का, "मध्ये कुठे होतात, बदलापूरला मजा मारत होतात ना?" कुणाची हिंमत नाही. आणि त्याच काकू नव्या बिल्डरला मात्र सोलून काढतात. करारनामा दाखव, बँक गॅरंटी दाखव, कॉर्पस (सोसायटीचा निधी) किती, ओसी (राहायला जायची परवानगी) कधी. हेच मला फुटबॉलमध्ये हवंय.

मुंबईच्या फुटबॉलप्रेमींना तर मुळात परत यायला क्लब मिळाला, हीच चैन. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने टीमच बंद केली. मुंबई एफसी २००७ मध्ये सुरू झाला. मुंबईतलं कूपरेज मैदान नियमांत बसत नव्हतं तेव्हा 'मुंबई' नावाचा हा क्लब घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळायचा, यावर पुणेकरांनी अजून विनोद कसे केले नाहीत हे मला कोडं आहे. २०१७ मध्ये आय-लीगमधून (राष्ट्रीय लीगचं नंतरचं नाव) खाली गेला आणि संपला. या चाहत्यांनी बहिष्कार टाकायचा कुणावर आणि परतायचं कुठे?

मुंबई सिटी २०१४ चा. आधी नेरूळचं डीवाय पाटील, २०१६ पासून अंधेरी. २०१९ च्या नोव्हेंबरात सिटी ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला. मैदानावर त्यांनी जे दिलं ते नाकारणं कृतघ्नपणा ठरेल. २०२०-२१ ला शील्ड (गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याला) आणि कप (प्लेऑफ जिंकणाऱ्याला) दोन्ही, २०२२-२३ ला पुन्हा शील्ड, २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून कप. आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लबही आपलाच. फक्त एक गंमत बघा. यातली एकही ट्रॉफी अंधेरीत जिंकलेली नाही. गोवा, गोवा, गोवा आणि कोलकाता. पहिलं दुहेरी यश तर कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये. त्या काळात कुणाचं येणं सुटलं असेल तर दोष कुणाला द्यायचा? परळवाल्याला मँचेस्टरच्या घराण्यातली धाकटी शाखा व्हायचं नव्हतं, म्हणून तो यायचा थांबला. मला ते चालत होतं, म्हणून मी जात राहिलो. यात मी मोठा कसा झालो?

आणि सिटी ग्रुप गेला तो काही चाहत्यांच्या दबावाने नाही. लीगचंच भवितव्य टांगणीला लागलं होतं, त्या अनिश्चिततेत ते बाहेर पडले. हंगाम कसाबसा फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झाला. त्यामुळे "आपण जिंकलो, क्लब आपला झाला" म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. चाहत्यांनी खरंच काही मिळवलं ते कोलकात्यात. मोहन बागानच्या नावापुढे चिकटवलेलं 'एटीके' (त्यात विलीन झालेल्या क्लबचं नाव) काढा म्हणून तिथे लोकांनी जवळजवळ तीन वर्षं आंदोलन केलं आणि २०२३ मध्ये मालकांना ते काढावं लागलं. मालक तेच राहिले, नाव बदललं.

काही जण परतणारच नाहीत, त्यांनाही सोडून द्या. सवय एकदा तुटली की तुटली. शनिवार-रविवारची संध्याकाळ दुसऱ्या कशाने तरी भरते. पोराला टर्फवर न्यायचं असतं, सासुरवाडीला जायचं असतं, गुडघा कुरकुरतो. ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतल्यावर २००५ मध्ये काही चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. उद्या ग्लेझर गेले तरी त्यातले कित्येक आता तिथेच राहतील. त्यांचं घर तिकडे झालंय.

तर प्रश्न विचारायचेच असतील तर हे घ्या. पुढच्या तीन हंगामांचा पैसा कुठून येणार? अकादमी चालू राहणार का? मैदान महापालिकेचं, म्हणजे तुमच्या-माझ्या करातलं, तर त्याच्या वापराचा करार किती वर्षांचा? लोगो किंवा रंग बदलायचा झाला तर आम्हाला विचारणार का? इंग्लंडमध्ये २०२५ च्या जुलैत कायदा होऊन स्वतंत्र नियामक आला, मालकांची छाननी त्याच्याकडे गेली, आणि क्लबचं चिन्ह वा घरच्या जर्सीचे रंग बदलण्याआधी चाहत्यांचं मत घेणं बंधनकारक झालं. ते व्हायला 'बरी' नावाचा क्लब, ब्लॅकपूल असे बरेच क्लब पोळावे लागले. आपल्याकडे असलं काही नाही, म्हणून तोंडानेच विचारावं लागेल, आणि विचारणारी तोंडं जितकी जास्त तितकं बरं. परळवाल्याला हाकलून एक तोंड कमी कशाला करताय?

पुढच्या घरच्या सामन्याला मी आझाद नगर मेट्रोच्या खाली थांबणार आहे. बऱ्याच दिवसांनी येणारे असतील त्यांनी कमेंटमध्ये सांगा, एकत्र आत जाऊ. टोमणेवाल्यांनीही या. वडापाव ज्याचा त्याने घ्यायचा.