जमीन बघावी ती गाडीच्या काचेतून

प्लॉट घ्यायचा म्हणताय? की शेत? की शेत घेऊन त्यातच फार्महाऊस? उत्तम. या विषयात मी आता अधिकारी माणूस झालोय. मे महिन्यात आमच्या हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून एक तिरकी भेग निघाली. ती बघायला तेव्हापासून रोज कोणी ना कोणी येतं, चहा पितं आणि सल्ला देऊन जातं. साखर संपत आली, सल्ले मात्र शिल्लक आहेत. ते तुम्हाला फुकट देतो.

जमीन बघायला जायचं ते जानेवारीत. हवा गार, शेजारी हरभरा उभा, सगळं कसं प्रसन्न. पावसाळ्यात गेलात तर पाणी कुठे साचतं ते दिसेल, मे महिन्यात गेलात तर जमिनीला पडलेल्या भेगा दिसतील. उगीच मन खट्टू होतं.

आणि गाडीतून उतरायचं नाही. एजंटने एसी लावलाय तो काय उगाच? कमान दिसली, कोरडं कारंजं दिसलं, 'प्रस्तावित रिंगरोड' लिहिलेला फलक दिसला, की झालं तुमचं भूपरीक्षण.

सातबारा हातात आला की फक्त आपलं नाव कुठे येणार तेवढं बघावं. पोटखराबा (म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा) वगैरे रकाने तलाठ्यांच्या करमणुकीसाठी असतात.

वास्तुतज्ज्ञाला मात्र जरूर न्या. ईशान्य मोकळी आहे का, देवघर कुठे, दार किती अंश फिरवायचं, यावर आम्ही अकरा हजार रुपये दक्षिणा आणि एक अख्खा रविवार घालवला. बोअरसाठी पाणाड्या आणला, त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच नारळाचा प्रसाद झाला. माती काय आहे, हे विचारायचं त्या गर्दीत राहूनच गेलं.

खरं तर विचारायचीही गरज नव्हती. शेजारच्या शेतात विहीर आहे. कठड्यावरून नुसतं वाकलं असतं तर दिसलं असतं की वरून बारा फुटांपर्यंत काळी, मग पिवळसर, चिकट चोपण माती, मग कुठे मुरूम. पण दुसऱ्याच्या विहिरीत डोकावणं आपल्या संस्कारात बसत नाही. शिवाय आमचा प्लॉट आधी कपाशीचं रान होतं, बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग तसेच पडलेले होते. एजंट म्हणाला, "साहेब, जमीन एक नंबर आहे, इथला कापूस तालुक्यात वाखाणला जायचा." मी खूश! घर बांधायला निघालेला माणूस कापसाच्या उताऱ्यावर खूश झाला, यावरून माझी पात्रता ओळखा.

आता ही काळी माती. बेसाल्ट हजारो वर्षं कुजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची जी चिकणमाती असते, ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणूनच ती ओल धरून ठेवते, म्हणूनच पाऊस गेल्यावरही रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. काळी आई म्हणतात ते खोटं नाही. पण ही आई वर्षातून एकदा अंग फुगवते आणि एकदा आकसते, आणि तिच्या छातीवर आपण विटांची भिंत ठेवतो. आमच्या बेडरूमचं दार जुलैत इतकं घट्ट बसतं की खांदा लावून उघडावं लागतं, आणि मे महिन्यात त्याची कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही. कॅलेंडर लागत नाही आम्हाला.

जुन्या माणसांना हे कळत होतं. त्यांच्या बोलण्यात गावचे दोनच भाग होते, काळी आणि पांढरी. काळीत शेत, पांढरीत घर. सर्वेक्षण नाही, प्रयोगशाळा नाही, दोन शब्दांत सगळा भूमी-उपयोग आराखडा. आम्ही शिकलेली माणसं. आम्ही काळीत बंगले बांधतो आणि मुरमाड माळावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने तलावाचा गाळ ओतून बागा लावतो. दोन्हीसाठी कर्ज मिळतं.

कंत्राटदाराला प्रश्न विचारू नयेत. आमच्याने पाच फुटांवर फूटिंग, म्हणजे पायाचा तळ, टाकलं, तेही भर काळीत. आणि खणून निघालेली तीच काळी माती जोत्यात भरून टाकली, मुरमाचा खर्च वाचवला. मी वर उभा राहून "वा, काहीच वाया जात नाही" म्हणालो होतो. आता हॉलच्या मधोमध चार फरश्या पापडासारख्या फुगल्यात. मिस्त्री म्हणतो, प्लास्टरची भेग आहे, क्रॅकफिल भरा. दोनदा भरली.

आणि माती परीक्षणाचा अहवाल? तो असतो की! आमच्या फाइलमध्ये आहे, स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ, शिक्का, सही. सही बघून मी कधी आत वाचलाच नव्हता. मागच्या आठवड्यात वाचला. दुसऱ्या पानावर जागेचं नाव भलत्याच तालुक्याचं. तिसऱ्या पानावर 'पक्का खडक 1.2 मीटरवर'. पाचव्या पानावर काम कशाचं, तर मंगल कार्यालयाचं! म्हणजे कुणाच्या तरी मंगल कार्यालयाच्या खडकावर माझं घर उभं आहे, फक्त ते कार्यालय माझ्यापासून साठ किलोमीटर लांब आहे. फोन केला तर पलीकडून शांतपणे, "सर, तो परवानगीसाठी लागतो, सगळे तोच लावतात." सगळे तोच लावतात! एक भोक पाडलं नाही, एक मूठ माती उचलली नाही, गाडी वळवून जागेवर यायचे कष्ट घेतले नाहीत, आणि बिल मात्र पूर्ण, त्यावर जीएसटी.

भाचा सिव्हिल इंजिनियरिंगला आहे. तो प्लॉटच्या कोपऱ्यातली माती घेऊन गेला. दहा ग्रॅम वाळवून चाळलेली माती एका नळीत पाण्यात, दहा ग्रॅम दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये, चोवीस तास. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, तिथे ती 11 च्या खुणेवर बसली. पाण्यातली 20 वर, म्हणजे जवळपास दुप्पट फुगली. त्याने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, यावर घर बांधलंत?" हो रे बाबा. दोन नळ्या आणि एक दिवस. एवढाच खर्च होता. अशा जमिनीत काय करायचं तेही कुणाला नवीन नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली कंदासारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे पायाचे काँक्रीटचे खांब, केव्हाच करून दाखवलेत, जिथे ओल वर्षभर बदलत नाही तिथपर्यंत, साधारण साडेतीन मीटर खाली नेऊन रोवायचे. पुस्तकात आहे, मानकात आहे. आमच्या मिस्त्रीच्या डोक्यात नाही आणि इंजिनियरच्या कोटेशनमध्ये नाही.

शेतीवाल्यांनी हसू नये. तुमचा नमुना कुठून घेतला? बांधावरून, उकिरड्याशेजारून, आणि भरला युरियाच्या रिकाम्या गोणीत. आमच्या मेहुण्यांच्या एका काळ्या आणि एका मुरमाड तुकड्याचा अहवाल सामू (म्हणजे पीएच), कर्ब, स्फुरद सगळं दशांशासकट सारखंच घेऊन आला. तीन फूट खड्डा न खणता त्यांनी संत्री लावली, खाली चुनखडी निघाली, तिच्यात झाडाला लोह मिळेना, पानं पिवळी. आता ते लोहाच्या फवारण्या मारतात आणि रोपवाटिकेला शिव्या घालतात.

नदीकाठचा प्लॉट स्वस्त मिळतोय? घ्या. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, तुम्ही वीस वर्षांचं कर्ज काढा.

डोंगरउतारावरच्या 'व्हॅली व्ह्यू'बद्दलही काहीतरी खुसखुशीत लिहिणार होतो. नाही लिहीत. 30 जुलै 2014 ला दरडीखाली माळीण गाव गेलं, 2021 च्या जुलैत तळीये, 2023 च्या जुलैत इर्शाळवाडी. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे होती, त्यांनी जागा निवडली नव्हती. तुम्ही निवडताय. जेसीबीने पायथा कापून, वरच्या पाण्याची वाट बुजवून, वीकेंडसाठी.

आता पुरे. अहो, दोन किलो वांगी घेताना देठ दाबून बघता ना? जावयाची कुंडली तीन ज्योतिषांना दाखवता. आणि आयुष्यभराची कमाई ओतताना चप्पल काढून त्या ढेकळावर एकदा पाय ठेवत नाही! खणा ना एक खड्डा. जेसीबी तासाच्या भाड्याने मिळतो, वास्तुवाल्याच्या दक्षिणेत चार तास चालला असता. खड्ड्यात उतरा, माती ओली करून बोटांत चोळा, अहवालाचं दुसरं पान उघडून गावाचं नाव वाचा. आणि ज्याने भोक न पाडता सही केली त्याला फोन करून विचारा, माझ्यासारखं गप्प बसू नका. हे काहीच जमत नसेल तर निदान शेजाऱ्याच्या विहिरीत तरी वाका. कठडा कमरेइतकाच आहे.