चेन गेली, चैनही गेली

रविवारी सकाळी मी गाडीच्या मागच्या चाकाशी फतकल मारून बसलो होतो. दूधवाल्याने कॅन खाली ठेवला, वाकून बघितलं आणि विचारलं, "चैन एल्लैत री?" म्हणजे, चेन कुठाय?

चेन नसतेच हिला, शाफ्ट असतो, असं मी मराठी-कानडीची खिचडी करून समजावलं. "चैन इल्ला," म्हणजे चैन नाही, म्हणत तो कणवेने मान हलवत गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

ही मोटो गुझ्झी, इटालियन मोटरसायकल, मी सेकंडहँड घेतली ती चेनला कंटाळूनच. पावसात आंबोलीला जाऊन आलं की आधीच्या गाडीच्या चेनवर ग्रीस आणि तांबड्या मातीचं थालीपीठ थापलेलं असायचं. घासा, पुसा, स्प्रे मारा, ताण बघा. हिचं तसं नाही. शाफ्ट म्हणजे दांडा; तो आतल्या आत मागच्या चाकापर्यंत जातो, तिथं दोन गिअर त्याची फिरकी काटकोनात वळवतात. सगळं डब्यात बंद. अधूनमधून १७० मिली गिअर ऑइल बदललं की झालं. एवढा तर आमच्याकडे चहा उतू जातो!

ऑइल गरम असलं की नीट निथळतं, म्हणून आधी काँग्रेस रोडला चक्कर मारली. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन १९२४ साली आमच्या बेळगावात भरलं, त्याच्या नावाचा हा रस्ता. तिथून फिरलं की माणसाला स्वावलंबन सुचत असावं.

खालचा बोल्ट सोडला. कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ऑइलची धार लागली. बोल्टाच्या चुंबकावर काजळासारखा लेप होता. चिमटीत चोळून बघितला, कचकच नाही. म्हणजे गिअर ठणठणीत. नवा वायसर घालून बोल्ट आवळला. उद्यमबागेत, आमच्या कारखान्यांच्या भागात, एखादा शेड भाड्याने घ्यावा, इथवर मी पोचलो होतो.

मग वरचा बोल्ट. ऑइल भरायचं ते ह्यातून. तो हलेना. पाना सटकला, बोटाची साल गेली. पान्याला पाइप लावून जोर केला तर बोल्टाऐवजी गाडीच फिरायला लागली. आधी वरचा सुटतोय का बघावं, मगच खालचा सोडावा, हे गॅरेजातलं शेंबडं पोरही जाणतं. आता आत थेंब नाही आणि घालायला वाट नाही. गाडी दोनशे किलोची. ढकलत तरी कुठं नेणार?

"काय करालास रे सकाळधरनं?" पलीकडचे काका कुंपणावरून म्हणाले. काकांची सगळी नोकरी फाउंड्रीत फिटर म्हणून गेलेली.

"ऑइल बदलालोय."

"वरचा न सोडता खालचा सोडलास?"

मी होय म्हटलं. काका काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. छिन्नी-हातोडा घेऊन आले. "अ‍ॅल्युमिनियमात लोखंडी बोल्ट, धरून बसतोय की." डोक्यावर दोन ठोके, कडेला छिन्नी लावून तिसरा. कुर्र झालं आणि सुटला.

भोकात फनेल शिरेना. मेडिकलमध्ये मोठी सिरिंज मागितली.

"म्हशीला काय?"

"नाही, इटालियन आहे."

त्याने पुढे काही विचारलं नाही. २० मिलीची दिली. म्हणजे साडेआठ वेळा. स्टँडवर कललेल्या गाडीत पातळी खोटी दिसते, म्हणून काकांनी ती सरळ धरली. पाचव्या-सहाव्या सिरिंजेला त्यांनी टिळकवाडीच्या रेल्वे गेटचा विषय काढला आणि माझी मोजणी गेटवरच अडकली. शेवटी भोकाच्या ओठाशी ऑइल दिसेपर्यंत भरत राहिलो.

गिअर ऑइलला गंधकाचा वास असतो. तो आता माझ्या हातांना, शर्टाला, काकांच्या धोतराला होता.

"अहो, अंडं फुटलं काय कुठं?" स्वयंपाकघरातून आवाज आला. श्रावण चालू होता.

काकांनी हात पुसले. "झालं न्हवं सगळं?"

"हे मागचं झालं," मी म्हटलं. "गिअरबॉक्सचं वेगळं असतंय."

काका दोन पावलं गेले, थांबले.

"मग छिन्नी हितंच ठेवून जाऊ?"