लोणारच्या तळाशी ज्वालामुखी झोपलेला नाही

मेहकरजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीने परवा रात्री फोन करून, “घराला कुलूप लावून तुझ्याकडे येऊ का?” असे विचारले. तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक संदेश आला होता: लोणार सरोवर हे झोपलेल्या ज्वालामुखीचे तोंड आहे, तिथला काळा दगड म्हणजे लाव्हाच, उल्केचा तुकडा कोणालाही सापडलेला नाही, २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले ते खालच्या उष्णतेने, आणि आता स्फोट जवळ आला आहे. म्हाताऱ्या माणसांची झोप उडवणारा हा मजकूर तपासल्याशिवाय पुढे ढकलणे अक्षम्य आहे.

दगड लाव्हाचा आहे, एवढे खरे. परंतु सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहून दख्खनभर थरांवर थर साचलेला तोच बेसॉल्ट मावशीच्या घराच्या जोत्यातही आहे. लोणारचे विवर त्या खडकात फार नंतर, अवकाशातून आलेला पाषाण आदळून पडले, आणि एरवी आडवे असणारे थर त्याच्या काठावर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूस कललेले आहेत.

उल्केचा तुकडा मिळालेला नाही, हेही नाइलाजाने मान्य करतो. इतक्या वेगाने आदळलेला पाषाण बहुतांशी वितळून आणि वाफ होऊन जातो. आघाताची खूण मात्र खडकात उरली. विवरातील खडकात मास्केलिनाइट सापडल्याचे फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. फेल्डस्पार या खडकातील खनिजाच्या स्फटिकाचा बाह्य आकार कायम राहून आतली रचना काचेची होते, तेव्हा मास्केलिनाइट बनते. त्यासाठी वातावरणाच्या काही लाख पट दाबाचा धक्का लागतो, आणि तो कोणत्याही ज्वालामुखीत निर्माण होत नाही. हीच काच पहिल्यांदा ओळखली गेली ती १८६५ मध्ये बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या अशनीत, आणि तो अशनी मंगळावरचा खडक आहे. चंद्रावर अशी विवरे अब्जावधी वर्षे टिकतात. पृथ्वीवर पाऊस, झीज, गाळ आणि भूपट्टांची हालचाल ती पुसून टाकतात. बेसॉल्टमधले इतके शाबूत विवर म्हणूनच दुर्मीळ आहे आणि चंद्र-मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात.

गुलाबी रंगाचे कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले: पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव माजले.

राहिला स्फोट. दख्खनचा लाव्हा पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानातून आला, त्यावरून भारताचा भूपट्ट केव्हाच हजारो किलोमीटर उत्तरेला सरकला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. ते स्थान आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे.